स्वतःला घडवणं म्हणजे नेमकं काय करणं?

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की कोल्हापुरात चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागतात. मुलाचा नाहीतर मुलीचा फोटो, खाली गावाचं नाव आणि त्याखाली ठरलेला मजकूर: घरची परिस्थिती बेताची, तरीही निव्वळ जिद्दीच्या जोरावर मिळवलेलं यश. त्याच फलकांसमोरून रोज अभ्यासिकेत जाणारी शेकडो मुलं-मुली हे वाचतात. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे जिद्द असते आणि कष्टाची तयारीही असते. तरी निकाल वेगळा लागतो, आणि मग प्रत्येकजण मनाशी एकच गोष्ट घोळवत बसतो: मी कमी पडलो ते नक्की कशात?

मोबाइल उघडला की उत्तरांचा पाऊस पडतो. पहाटे चारला उठा. थंड पाण्यानं आंघोळ करा. एकवीस दिवस सवय पाळा, आयुष्य बदलेल. या सगळ्या सल्ल्यांच्या बुडाशी एक समजूत असते की सुधारणा हा फक्त इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, आणि जो सुधारला नाही त्याची इच्छाच कमी पडली. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि विशीतल्या मुलांच्या बाबतीत घातकही वाटते. प्रयत्नानं माणूस बदलतो, यात शंका नाही. पण कोणता प्रयत्न, त्यातला आपला वाटा किती आणि इतरांचा किती, हे नीट उलगडून कुणी सांगत नाही.

## आधी पाया: प्रयत्नानं बदलतं काय?

तालमीत नवा पोरगा दाखल झाला की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवत नाहीत. आधी हौद्यातली माती उकरणं, जोर-बैठका, मग मुद्गल. पहिल्या दिवशी जेमतेम उचलला गेलेला मुद्गल महिन्याभरात खांद्यामागून फिरू लागतो. गंमत म्हणजे दंड आरशात जवळपास तेवढेच दिसतात. मग ताकद आली कुठून? शरीरशास्त्राचं उत्तर असं की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहेत त्याच स्नायूंतले जास्त धागे एकाच वेळी, एका तालात कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू भरायला त्यापुढं वेळ लागतो, आणि त्याला मेहनतीइतकीच झोप आणि खुराक लागतो.

मेंदूची रचनासुद्धा सरावानं बदलते. याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवायचा तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते डोक्यात बसवावे लागतात आणि त्या तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेनं २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे.

यावर साहजिकच शंका निघाली. ज्यांचा हा भाग मुळातच मोठा असेल तेच टॅक्सीकडं वळत असतील, तर? म्हणून नव्या उमेदवारांचे स्कॅन तयारी सुरू होताना आणि काही वर्षांनी असे दोनदा काढले गेले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला उमेदवारांच्या मेंदूंत फरक नव्हता. नंतर परवाना मिळवलेल्यांमध्ये तो भाग वाढलेला दिसला, परवाना न मिळालेल्यांमध्ये नाही. परवाना मिळवणारे आठवड्याला बराच जास्त वेळ तयारीला देत होते. हा 'जास्त वेळ' कुणाला काढता येतो आणि कुणाला नाही, हा प्रश्न इथंच मनात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

## मग जास्त कष्ट म्हणजे जास्त सुधारणा का?

नाही. सगळ्यात मोठी गफलत होते ती इथंच.

ऊसतोडी सुरू झाल्या की पंचगंगेच्या काठच्या गावांत गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी काढली जाते, खाली चुलवाणात चिपाडं पडत असतात. पाक तयार झाला की नाही हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळते का ते बघायचं, आणि काहील उतरवायची की थांबायचं ते क्षणात ठरवायचं. लवकर उतरवली तर गूळ चिकट आणि मऊ राहतो, उशीर झाला तर रंग काळपटतो आणि बाजारात भाव पडतो. चूक झाली की बरोबर, याचं उत्तर त्याच दिवशी डोळ्यांसमोर येतं. पुढच्या काहिलीला तो हात किंचित बदलतो. एका हंगामात अशी कित्येक उत्तरं त्याला मिळतात.

चुलवाणापाशी बसून जाळ घालणारा माणूस कष्टात तसूभरही कमी नसतो. उलट आगीसमोर तोच बसलेला असतो. पण पाकाचा निर्णय त्याच्या हाती नसतो, त्यामुळं तो निर्णय चुकला की बरोबर आला हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षं तसं काम करून तो थकतो, मात्र त्यानं गुळव्या होत नाही. कुणीतरी त्याला काहिलीशी उभं करावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी हाच फरक शास्त्रीय भाषेत मांडला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक होते. सरावाच्या ज्या प्रकाराला त्यांनी वेगळं नाव दिलं, त्याला मराठीत 'हेतुपूर्वक सराव' म्हणता येईल: जे जमत नाही तोच तुकडा निवडायचा, चूक लगेच कळेल अशी सोय करायची, बहुधा जाणकाराच्या नजरेखाली, आणि तोच तुकडा दुरुस्त करत पुन्हा करायचा. जे येतंय तेच पुन्हा पुन्हा करणं यात बसत नाही, मग ते कितीही तास चालो.

'दहा हजार तास केले की माणूस तज्ज्ञ होतो' हे वाक्य याच अभ्यासातून फुटलं. मुळात दहा हजार हा त्यातल्या उत्तम वादकांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाचा सरासरी आकडा होता. त्याचा नियम बनवण्याला खुद्द एरिक्सन यांनीच आक्षेप घेतला होता.

आता हे अभ्यासिकेत आणून बघू. सकाळी आठ ते रात्री दहा खुर्ची धरून बसलेला विद्यार्थी. समोर नोट्स, त्यांवर पिवळी, गुलाबी, हिरवी रेघ. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलं असं वाटायला लागतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढं गेले. म्हणजे ज्या पद्धतीत 'मला येतंय' असं समाधान जास्त मिळतं, तीच पद्धत आठवड्यानं दगा देते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला बसणं त्रासाचं असतं, आपलं अज्ञान उघडं पडतं. पण बदल त्या त्रासातच घडत असतो. मला विचाराल तर चौदा तासांचं कौतुक थांबवून आपण मुलांना एवढंच विचारायला हवं: आज कोणती चूक सापडली?

## यातला 'स्वतःचा' वाटा कोणता?

आईनं ताट वाढून दिलं तरी घास आपल्यालाच चावावा लागतो. तसं सुधारणेतलं एक काम असं आहे की ते दुसऱ्याला देताच येत नाही: आपली चूक आपण बघणं आणि पुढच्या वेळी वेगळं करणं. वस्ताद डाव दाखवू शकतात, पण समोरच्याचा पट काढताना कमरेचा झोक चुकला हे ज्याच्या अंगाला कळतं त्यालाच तो दुरुस्त करता येतो. क्लास लावला म्हणून यश 'स्वतःचं' उरत नाही, असं मानायचं कारण नाही. गुरू असला तरी हे काम शिष्याचंच राहतं, आणि गुरू नसला तर तेच काम दुप्पट अवघड होतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण बहुतेकदा अर्धीच सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तेव्हा मातीत वाढलेला पैलवान मॅटवर उतरला होता आणि आंतरराष्ट्रीय नियमही त्याला नवे होते. तरी फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची चार वर्षं त्यानं आपण कुठं कमी पडलो ते ओळखून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्या क्रमांकानंतर मॅटवर स्वतःला नव्यानं घडवणं खाशाबांचं होतं. ते कुणीही त्यांच्यासाठी करू शकत नव्हतं.

राहिलेली अर्धी गोष्ट पैशांची आहे. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. हेलसिंकीसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्यांनी घर गहाण टाकलं म्हणून पदकावरचा खाशाबांचा हक्क गुंजभरही कमी होत नाही. पण ते घर गहाण पडलं नसतं तर त्या चार वर्षांच्या मेहनतीला हेलसिंकीचा मॅट दिसला असता का?

महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. चाप ओढतानाचा श्वास त्याचाच होता. पण त्याला नेमबाजीची वाट सापडली ती सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि पोटाची काळजी रेल्वेच्या नोकरीनं घेतली.

## कष्ट रुजायला जमीन कुणी द्यायची?

कोल्हापूरइतकं स्वच्छ उत्तर या प्रश्नाला क्वचितच कुठल्या शहरानं दिलं असेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. महाराज स्वतः मेहनतीचे आणि कुस्तीचे भोक्ते होते. आळशाला पोसण्यासाठी त्यांनी हे केलं नाही. अंगात कष्ट असलेल्या मुलाला ते कष्ट लावायला जागा हवी, हे त्यांना दिसत होतं.

गंगाराम कांबळे यांची हकिकत तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. महाराजांच्या पदरी काम करणाऱ्या गंगारामांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. पुढं महाराजांच्या मदतीनं त्यांनी शहरात हॉटेल काढलं. दलित माणसाच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले, आणि गिऱ्हाईक वळलं. आता विचार करा, गंगारामांनी चहा आणखी चांगला केला असता, पहाटे आणखी लवकर उठले असते, तर त्यानं तो बहिष्कार सुटला असता का? अडथळा त्यांच्या कष्टांत नव्हता. तो समोरच्यांच्या डोक्यात होता.

हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात होते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' रुजवलं. त्यांचा स्वावलंबनावर पराकोटीचा विश्वास. तरी त्यांनी मुलाला 'तुझं तू बघ' असं म्हटलं नाही. आधी वसतिगृह काढलं, काम दिलं, मग म्हणाले, आता कष्ट कर.

अलीकडच्या संशोधनातूनही हेच निघतं. 'बुद्धी प्रयत्नानं वाढते' असं मुलांना पटवलं तर ती जास्त चांगलं करतात, ही मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांची मांडणी जगभर गाजली. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानं मागं पडलेल्या मुलांच्या गुणांत सरासरी ०.१ गुणांकाची भर पडली. गुणांकाची मोजपट्टी साधारण चारची होती, म्हणजे फायदा खरा पण छोटा. आणि तो टिकला तो अशा शाळांत, जिथं बरोबरीच्या मुलांतही आव्हान घेण्याला मान होता. आजूबाजूची हवा उलटी असेल तर नुसतं मनाला समजावून फार काही हाती लागत नाही.

## 'उपजत गुणच नसतील तर?'

२०१४ साली मानसशास्त्रज्ञ ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी हेतुपूर्वक सरावावरच्या अनेक अभ्यासांची बेरीज मांडली. बुद्धिबळासारख्या खेळांत माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे २६ टक्के फरक सरावाशी जोडता आला, संगीतात २१, क्रीडेत १८ आणि शिक्षणात अवघा ४ टक्के. उरलेल्यात उपजत क्षमता येते, सुरुवात कितव्या वर्षी झाली ते येतं, घर, शिक्षक, तब्येत येते.

हे आकडे वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. ते एका माणसाची दुसऱ्याशी तुलना सांगतात. तुम्ही सराव केला तर कालच्यापेक्षा किती पुढं जाल, हे ते सांगतच नाहीत. वर्गातला सगळ्यात हळू वाचणारा मुलगाही योग्य सरावानं स्वतःच्या गेल्या वर्षीच्या वाचनाच्या खूप पुढं जातो. पहिला येईल की नाही, हा वेगळा प्रश्न.

## 'किती दिवसांत?'

एकवीस दिवसांची गोष्ट सोडून द्या. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशोब २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं.

## 'पण मनच घेत नाही, त्याचं काय?'

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली दाखवलेली एक गोष्ट इथं कामाला येते. 'हे मला जमेल' हा विश्वास भाषण ऐकून फार टिकत नाही. तो सगळ्यात घट्ट बसतो स्वतः केलेल्या छोट्या कामांतून, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेलं बघून. गल्लीतली, आपल्याच शाळेतली मुलगी अधिकारी झाली की मागच्या पाच मुली अर्ज भरतात, ते याचमुळं. म्हणून सुरुवात आज पूर्ण होईल एवढ्या कामानं करावी.

दुसरं, संकल्प मोघम ठेवू नये. 'रोज अभ्यास करीन' यापेक्षा 'संध्याकाळच्या एसटीतून उतरलो की घरी जायच्या आधी वाचनालयात बसून दहा प्रश्न सोडवीन' हे जास्त पार पडतं. वेळ आणि ठिकाण आधी ठरलेलं असलं की त्या क्षणी मनाशी झगडावं लागत नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला आहे. कोल्हापुरात तर १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे. बसायला जागा हवी असेल तर ती चकचकीतच असायला हवी असं नाही.

## 'सगळं करूनही निवड झाली नाही तर?'

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यावर मुलं आतून मोडतात. राज्यसेवेसारख्या परीक्षेला अर्ज लाखांत येतात आणि जागा शेकड्यांत असतात. समजा, सगळ्या उमेदवारांनी यंदा दुपटीनं चांगला अभ्यास केला. निवड तरी तेवढ्याच जणांची होणार. म्हणजे निवड हे तुमच्या सुधारणेचं माप होऊच शकत नाही. ते जागांच्या संख्येचं माप आहे.

आपलं माप वेगळं ठेवावं लागतं. प्रत्येक सराव पेपरनंतर चुका प्रकारवार वहीत लिहा: माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही, दोन पर्यायांत गोंधळ झाला. सहा महिन्यांनी यादी आखूड झाली असेल आणि निवड झाली नसेल, तर प्रयत्न खरा होता. यादी जशीच्या तशी असेल तर पद्धत बदलायला हवी, कारण तास वाढवून ती आखूड होणार नाही. आणि यादी आखूड होत असतानाच घरचे पैसे संपले असतील, बहिणीचं शिक्षण अडलं असेल, वडिलांना आता एकट्यानं रान कसणं झेपत नसेल, तर थांबणाऱ्या मुलाला कुणी जिद्द सोडली म्हणू नये. लंडनच्या त्या उमेदवारांसारखा आठवड्याचा जादा वेळ प्रत्येकाच्या घरात शिल्लक नसतो.

किती प्रयत्न द्यायचे, कोणत्या वर्षापर्यंत आणि किती खर्चात, हे आई-वडिलांसोबत बसून सुरुवातीलाच ठरवावं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी असे निर्णय नीट होत नाहीत. त्याच बैठकीत दुसरी वाटही लिहून ठेवावी: कोणत्या परीक्षेचा अर्ज, कोणत्या कारखान्यात किंवा बँकेत नोकरी, कोणता व्यवसाय, आणि त्यासाठी आतापासून काय शिकायचं. राज्यघटना, अर्थशास्त्र, नेमकं लिहिणं, वेळेत काम उरकणं, हे या वर्षांत कमावलेलं त्या वाटेवरही वापरता येतं. तेव्हा वहीतल्या चुकांच्या यादीशेजारी 'आता जमतं' अशी दुसरी यादीही मांडत जा. पुढच्या मुलाखतीत 'इतकी वर्षं काय केलंत?' असं विचारलं, तर उत्तर त्या यादीतूनच द्यायचं आहे.